जवसाचं पाणी आणि काळा कागद

सरोवराकाठच्या तोसोर गावातल्या बायका उमसुनायच्या चेहऱ्याबद्दल बोलायच्या तेव्हा आवाज थोडा खाली यायचा, आणि त्यात कौतुक किती नि जळफळाट किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सरोवरावरून उलान वारा सुटला की तो गावात कुणालाच सोडत नसे. पंचविशीतल्या पोरींच्या डोळ्यांभोवती जाळं धरायचं, ओठ फुटायचे, गाल जुन्या जोड्याच्या चामड्यासारखे राठ व्हायचे. उमसुनायने तिशी ओलांडली तरी तिचा गाल मात्र दुधावरच्या सायीसारखा. "हिला वय लागतच नाही की काय गं?" असं शेजारची कुलुइपा चारचौघींत नाक मुरडून म्हणायची, आणि दिवस कलला की हीच कुलुइपा मागच्या दाराने वाटी घेऊन यायची.

तो चेहरा उमसुनायने हौसेने राखला नव्हता. ते सांगायचं तर काळ्या कागदापासूनच सुरुवात करावी लागेल.

जुमादिल लढाईवर गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. तो घोड्यांच्या कळपावर काम करायचा, हसला की त्याचे डोळे मिटून जायचे. एवढ्या दोन-चार गोष्टी तिला त्याच्याबद्दल ठाऊक झाल्या होत्या तोवर तो गेला. लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात टपालवाला दाराशी आला आणि आत न येता उंबऱ्यातच उभा राहिला. टपालवाला चहाला नाही म्हणाला, की घरातल्यांनी काय ते समजून जायचं. मृत्यूची बातमी आणणाऱ्या कागदाला सगळीकडे काळा कागदच म्हणत, जरी तो पांढरा असला तरी.

आमच्याकडे नवरा गेला की बाई भिंतीकडे तोंड करून बसते, त्याचं नाव न घेता त्याचा विलाप गाते आणि नखांनी आपले गाल ओरबाडते. गावचा मोल्दो, म्हणजे मुल्ला, सांगायचा, पाप आहे. सरकार सांगायचं, मागासलेपणा आहे. बायकांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि करायचं ते केलं. काहीजणी नुसती नखं टेकवायच्या, चार लोकांना दिसण्यापुरती. उमसुनाय कोवळी पोर, हिला काय कळतंय, असं बायकांना वाटलं होतं. तिने डोळ्यांच्या खालपासून हनुवटीपर्यंत असे काही ओरखडे काढले की शेवटी सासूने, बुरुल अपाने, तिचे दोन्ही हात मनगटात धरून आपल्या गुडघ्यांखाली दाबून ठेवले. म्हातारीचाही मुलगाच गेला होता, पण त्या घटकेला ती रडायचं विसरून सुनेचे हात धरून बसली.

जखमा भरल्या तशा गालांवर लाल वळ राहिले. त्याला कुणी कुरूप म्हणालं नाही, हे नीट समजून घ्या. पाणवठ्यावर म्हाताऱ्या बायका तिला वाट द्यायच्या. "रडली तर अशी रडावी," असं म्हणायच्या. बुरुल अपाने तिला एकदा नाही, दोनदा सांगितलं की पोरी, माहेरी जा, तुझं वय आहे, दुसरं घर बघ. उमसुनायने त्यावर चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "अपा, गाईला चारा तुम्ही घालताय की मी घालू?" विषय तिथे संपला.

लढाई संपली, त्याच्या पुढच्या वसंतात पलीकडच्या गावचा इमानाली त्यांच्या अंगणात आला. आमच्याकडे आनंदाची बातमी आणणारा लांबूनच "सुयुन्चू! सुयुन्चू!" ओरडत येतो, आणि त्याला घरातलं काहीतरी चांगलं बक्षीस द्यावं लागतं. इमानाली ओरडला नाही. त्याने आधी दार लावून घेतलं, इकडेतिकडे बघितलं, मग बुरुल अपाच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "सुयुन्चू, अपा."

"कसली रे सुयुन्चू? आणि अशी चोरासारखी?"

"जुमादिल जिवंत आहे. मी त्याला बघितलंय. रेल्वेच्या एका ठाण्यावर, दुसऱ्या गाडीत होता. जर्मनांच्या कैदेतून सुटला, आता आपल्यांनी धरलाय. का पकडला गेलास म्हणून दहा वर्षं सक्तमजुरी." त्याने बोट ओठांवर ठेवलं. "मी सांगितलं म्हणू नका."

म्हातारीने अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. मग ती वळली. उमसुनाय चुलीपाशी उभी होती, उजेड नेमका तिच्या तोंडावर पडला होता. म्हातारीचा चेहरा पालटला. आनंद होता तिथे भीती आली.

"अगं माझ्या कर्मा," ती म्हणाली. "जिवंत माणसाच्या बायकोच्या गालावर विधवेच्या खुणा! त्याचं आयुष्य खातील या. पुसायला हव्यात, पोरी. तो यायच्या आत एकूण एक पुसायला हव्यात."

आता तुम्ही हसाल. हसा. पण मुलगा कुठल्या बर्फात लाकडं तोडतोय, जेवतोय की नाही, यातलं काहीच ज्या आईच्या हातात नाही, तिच्या हाताला लागेल असं एवढंच एक होतं: सुनेचा गाल.

बुरुल अपाला ही विद्या तिच्या आईकडून आली होती. मूठभर जवस पाण्यात टाकून अगदी मंद आचेवर ढवळत राहायचे, पाण्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की गरम असतानाच फडक्यातून गाळायचं. थंड झालं की ते फडक्यातून उतरत नाही, हे उमसुनाय एकदा सगळं वाया घालवून शिकली. जर्दाळूच्या बिया फोडायच्या, प्रत्येक बी जिभेला लावून बघायची, कडू ती बाजूला. गोड बियांचं तेल काढायचं. आणि पहिली कडक थंडी पडली की सरोवराकाठच्या काटेरी झाडीत जाऊन चिचिरकानाकची नारिंगी फळं काठीने झोडपून खाली पाडायची, कारण हाताने तोडायला गेलं तर हाताची चाळणी होते. त्यांचा लगदा तेलात घालून चुलीच्या उबेला ठेवायचा, तेलाला केशरी रंग चढेपर्यंत.

"चोळू नकोस," म्हातारी सांगायची. "तू काय कातडं कमावतेयस? ओल्या गालावर आधी जवसाचं पाणी, ते ओलं असतानाच वर तेलाचं बोट. नुसतं टेकव. लहान बाळाच्या कपाळावर हात ठेवतो ना, तसं."

"आणि मग, अपा?"

"मग काय, उन्हात जायचं नाही. रुमाल गालांवर ओढून घ्यायचा. कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत. आणि रडायचं नाही. मिठाचं पाणी सगळं धुऊन नेतं."

उमसुनायने हे सगळं पाळलं. सामुदायिक शेतावर बीट उपटताना तिचा पांढरा रुमाल डोळ्यांच्या खाली नाकापर्यंत यायचा. बायका म्हणायच्या, "आली बघा मलमलची नवरी." सकाळी गाईची धार काढण्याआधी आणि संध्याकाळी भाकरी झाल्यावर, तिचं जवसाचं पाणी ठरलेलं. वळांचा लाल रंग गेला, मग फुगीरपणा गेला. काही वर्षांनी बोट फिरवलं तरी हाताला काही लागेना. बुरुल अपा तिला दाराशी उजेडात उभी करायची, हनुवटी धरून इकडून तिकडून बघायची आणि म्हणायची, "हं. मुलाचं आयुष्य वाढलं."

गावातल्या बायकांनी हे पाहिलं आणि तोंडाने टोमणे मारत वाट्या पुढे केल्या. कुणाच्या टाचा, कुणाचे ओठ, कुणाच्या डोळ्यांभोवतीच्या रेघा. कुलुइपाला तर नवरा दुसरीकडे बघतो असा संशय होता. उमसुनाय सगळ्यांना द्यायची आणि कुणाकडून काही घ्यायची नाही. फक्त कुलुइपाला एकदा म्हणाली, "अगं, त्याच्यासाठी लावू नकोस. वाऱ्यासाठी लाव. वारा रोज येतो." कुलुइपा आठवडाभर रुसली आणि मग पुन्हा वाटी घेऊन आली.

मुलाची वाट बघता बघता बुरुल अपा गेली. जाण्याआधी तिने सुनेला जवळ बसवून घेतलं आणि गालावरून हात फिरवला. तिला दिसत नव्हतं तेव्हा फारसं. "गुळगुळीत आहे," ती समाधानाने म्हणाली. तिला मुलाचा विसर पडला नव्हता, पण शेवटचे शब्द तेवढेच निघाले.

सासूच्या मागे उमसुनायने ते काम सोडलं नाही. उलट जास्तच धरलं, कारण आता वळांच्या जागी दुसरीच भीती आली होती. एके सकाळी आरशात डोळ्याच्या कोपऱ्याशी एक बारीक सुरकुती दिसली. जुमादिल गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याने बर्फात, अंधारात जी आठवली असेल ती सतरा वर्षांची. तो दारात येऊन उभा राहील आणि त्याला भलतीच बाई दिसेल, असं तिला वाटायचं. तिने जवस दुप्पट केले.

जुमादिल आला तो शरद ऋतूत, मालाच्या ट्रकमधून, फळांच्या खोक्यांवर बसून. अंगणात एक म्हातारा उतरला. पुढचे दात नव्हते, खांदे आत गेले होते आणि दर दोन पावलांनी खोकला. उमसुनाय दाराशी आली. त्याने तिच्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवून परक्या घरातल्या लेकीसुनेला करावा तसा सलाम केला आणि विचारलं, "पोरी, ही बुरुल अपाची जागा ना? घरात कुणी मोठं आहे?"

उमसुनायचे हात पिठाचे होते. कुंपणावरून कुलुइपा ओरडली, "अरे मेल्या, तुझी बायको आहे ती!"

तो हसला नाही. त्याने आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग तिच्या गालांकडे, आणि डोळ्यांवर टोपी ओढून घेतली. मला वाटतं, त्या क्षणी त्याला आपलं वय कळलं. इतकी वर्षं तिने ज्याच्यासाठी चेहरा राखला, त्याला त्या चेहऱ्यासमोर उभं राहायची लाज वाटली. गाव काय, गावाला जीभ असते. बाजारात दोघं बरोबर गेली की कुणीतरी हळूच विचारायचं, "लेक का हो तुमची?" जुमादिल म्हणायचा, "हो, देवाने उशिरा दिली." आणि घरी येईपर्यंत तिच्या दोन पावलं मागून चालायचा.

थंडी पडू लागली तशी एका दुपारी ती चुलीपाशी जवसाचं पाणी गाळत बसली होती. तो भिंतीला टेकून बघत होता. फडक्यातून तार सुटत होती. त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "हे रोज कशासाठी करतेस?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली आणि लाजली. तिशी ओलांडलेली बाई, पण लाजली. मग तिने सगळं सांगितलं. इमानाली, अपाची भीती, वळ, चिचिरकानाक. ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. तिला वाटत होतं, आता तो म्हणेल, माझ्यासाठी एवढं केलंस.

जुमादिलने छातीवर हात दाबला. खोकल्याची उबळ येऊन गेली.

"म्हणजे खरंच गाल ओरबाडून घेतले होतेस? लोक सांगतात ते खरं?"

"खरं."

"कुठे?"

तिला कळलं नाही. "काय कुठे?"

"दाखव ना. कुठे होते?"

तो सरकत जवळ आला. तिने मान वर केली. त्याने बोट तिच्या गालावरून फिरवलं, डोळ्यांखालून हनुवटीपर्यंत, एका बाजूने, मग दुसऱ्या. खडबडीत बोट होतं. ते कुठेच अडलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्याशी ते क्षणभर थांबलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"हा?"

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलायला हवं होतं, हे तिला नंतर आयुष्यभर वाटत राहिलं. "ती सुरकुती आहे."

तो मागे सरकला. "सगळेच पुसलेस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तिथे जर्मनांनी आम्हाला माणसांत मोजलं नाही. मग आपल्यांनीही नाही. कागदावर आधी मेलेला, मग गद्दार. मी रात्री पडल्या पडल्या म्हणायचो, म्हणोत काय म्हणायचं ते. काळा कागद घरी पोचला असेल, आणि सरोवराकाठी एका बाईने माझ्यासाठी तोंड फाडून घेतलं असेल. मी जगलो तर जाऊन ते बघेन. दुसरं काही मागितलं नव्हतं मी." त्याने टोपी सारखी केली. "अपा तरी काय करणार बिचारी. तिला मी जिवंत हवा होतो. चुकलं कुणाचंच नाही."

उमसुनायच्या हातातलं फडकं थंड झालं. उरलेलं पाणी त्यातून उतरेना.

त्या दिवशी तिने तेलाच्या बाटल्या, जवसाची पिशवी, सगळं कुलुइपाच्या दारात नेऊन ठेवलं. "काय गं, मरायला टेकलीस की काय?" कुलुइपा म्हणाली. उमसुनाय म्हणाली, "पुरे झालं." दुसऱ्या दिवसापासून ती रुमाल मागे बांधू लागली. वाऱ्यात तोंड करून उभी राहायची. तिच्या मनात आलं होतं की जे तेलाने झाकलं ते वारा उघडं करेल. पण हिवाळ्याचं ऊन फिकं, वाऱ्याने नुसती कातडी फुटली आणि डोळ्यांभोवती सुरकुत्या मात्र भराभर उमटल्या, इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम वसूल केल्यासारख्या. जुमादिलला ते दिसत होतं. एकदा त्याने स्वतः उठून कुलुइपाकडून वाटीभर जवसाचं पाणी आणलं आणि तिच्या फुटलेल्या ओठांना लावलं. नुसतं टेकवलं, चोळलं नाही. त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

"आता राहू दे हा हट्ट," तो म्हणाला. "मी मानलं ना. आणि एक ऐक. या खेपेला मी खरोखर गेलो की नखं लावू नकोस. एका माणसासाठी एकदाच. ते झालंय."

"तुम्ही पाहिलं नाहीत."

"नाही पाहिलं," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, तिच्यासारखंच.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा तो गेला. अंगणात शोकाचा तंबू उभा राहिला, पुरुष बाहेर काठ्यांवर रेलून आक्रोश करत होते आणि आत उमसुनाय भिंतीकडे तोंड करून बसली. तिने विलाप गायला. हात वर आले, गालांपर्यंत आले. मागे बसलेल्या बायकांचे श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं. तिने हात मुठी करून मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली, बुरुल अपाने तेव्हा दाबून ठेवले होते तसे. मोल्दो खूश झाला. बायका नाही झाल्या. "जिवंत होता तेव्हा फाडून घेतलं, मेला तेव्हा चेहरा राखला," असं कुणीतरी कपात चहा ओतता ओतता म्हणालं. "म्हातारा नको झाला होता तिला," असंही. उमसुनायने सगळं ऐकलं. सांगणार कुणाला आणि काय? नवऱ्याने बजावलं होतं, असं विधवेने म्हटलं की लोकांना ती तिची सोयच वाटते.

मग उन्हाळा आला. जर्दाळू पिकले. काळा रुमाल मागे बांधून ती दिवसभर छपरावर जर्दाळू फोडून वाळत घालायची. सरोवराचं पाणी खालून ऊन वर फेकत होतं, आकाशातून वरून पडत होतं. अशा उन्हात ती अपाने बजावल्यापासून उघड्या तोंडाने कधी आली नव्हती. आधी गाल लाल झाले, सोलवटले, मग विटेसारखे तांबूस झाले.

कुलुइपा शिडीवरून टोपली द्यायला चढली आणि अर्ध्यातच थांबली. टोपली तिच्या हातातून सुटली, जर्दाळू अंगणभर झाले.

"काय झालं गं?"

"तुझे गाल," कुलुइपा म्हणाली. "अगं, तुझे गाल!"

उमसुनायने खाली जाऊन बादलीत पाहिलं. सगळा चेहरा करपला होता, फक्त जिथे तिची नखं गेली होती तिथली कातडी करपली नव्हती. व्रणाला ऊन लागत नाही. डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत पांढऱ्या रेघा, दोन्हीकडे, एकूण एक. तेलाने त्या भरल्या होत्या, सपाट केल्या होत्या, पण पुसल्या मात्र नव्हत्या. आंधळ्यालाही दिसल्या असत्या.

ती बादलीपाशी खाली बसली. कुलुइपा तिच्याशेजारी येऊन बसली आणि रडायला लागली. उमसुनायला रडू येईना. ती नुसती बोटांनी रेघांची लांबी मोजत राहिली आणि मनात म्हणत राहिली, चार महिने. फक्त चार महिने आधी का नाही.

संध्याकाळी ती टेकडीवरच्या कबरस्तानात गेली. रुमाल सोडून तिने हातात घेतला. मातीचा ढीग अजून नवा होता, गवत नीट धरलं नव्हतं. ती उन्हाकडे तोंड करून त्याच्या डोक्याशी बसली, आधी एक गाल वळवला, मग दुसरा, आणि त्याचं बघून होण्याची वाट पाहत उजेड संपेपर्यंत तशीच बसून राहिली.